मऊ टोकाची गोळी

माझ्या नवऱ्याने हरणांची शिकार सुरू केली ती मटणासाठी, हे आधीच सांगून टाकते. पुढे लोकांनी त्यात बरीच मोठमोठी कारणं शोधली. कुणी म्हणालं, त्याला अमेरिकन व्हायची घाई झाली होती. कुणी म्हणालं, मूल होत नव्हतं म्हणून मन रमवायला गेला. तसलं काही नव्हतं. तो नागपूरचा, सावजी रश्श्यावर वाढलेला, आणि अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत मिळणारं फ्रोझन मटण त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मी पुण्याची. पुण्याची असून मटण खाते, याचं सासूबाईंना माझ्या शिक्षणापेक्षा जास्त कौतुक होतं. भारतातून कुणी ना कुणी यायचं, आणि त्याच्या बॅगेतून सासूबाई वर्तमानपत्रांच्या घड्यांत बांधून काळा मसाला पाठवायच्या. पहिल्याच वर्षी त्या मसाल्यात मला कचकच लागली आणि मी ते चारचौघांत बोलून दाखवलं. तेव्हापासून मसाला आला की नवरा स्वतः चाळणी घेऊन बसायचा. एकदा नाही, दोनदा चाळायचा, आणि मग बरणी माझ्यासमोर ठेवून म्हणायचा, "घ्या पुणेकर, आता बोला."

त्याच्या ऑफिसात निवृत्तीला आलेले एक मिनेसोटाचे गृहस्थ होते. तिथे त्यांना सगळे पहिल्या नावाने हाक मारायचे, नवराही मारायचा. घरात मात्र आम्ही त्यांना काका म्हणायचो. वडिलांच्या वयाच्या माणसाचं नुसतं नाव घ्यायला जीभ वळत नाही. काकांची उत्तरेला जंगलात एक लाकडी खोली होती. नोव्हेंबरात हरणांचा सीझन उघडला की ते आणि त्यांचे मित्र तिथे जायचे आणि मरणाच्या थंडीत झाडावर बांधलेल्या मचाणावर बसायचे. एकदा त्यांनी लंचला हरणाचं सॉसेज आणलं. ते खाऊन नवरा घरी आला तो, "अगं, आपल्याकडच्या मटणाची चव आहे त्याला," असं म्हणतच. वर्षभरात त्याने सेफ्टीचा कोर्स केला, परवाना काढला, काकांची जुनी रायफल घेतली आणि नियमाप्रमाणे भडक शेंदरी जाकीट आणलं. ते घालून आरशासमोर उभा राहिला तेव्हा मी म्हटलं, रस्त्याच्या कामावर ठेवतात त्या कोनसारखा दिसतोयस.

पहिल्या सीझनला त्याने काकांनी सांगितली तीच गोळी वापरली. जड, जाड कवचाची, जुन्या पद्धतीची. काकांचे वडीलही तीच वापरायचे. त्या गोळीचा स्वभाव असा की ती आत शिरून थोडी फुलते आणि सरळ पलीकडून बाहेर पडते. हरीण मरतं, पण लगेच नाही. पळतं, आणि रक्ताच्या थेंबांवरून त्याचा माग काढत जावं लागतं. काकांच्या लेखी माग काढणं हा शिकारीचाच भाग होता. नवऱ्याची गोळी एका मादीच्या फासळ्यांतून आरपार गेली. तिने नुसतं अंग झाडलं आणि पळाली. तो आणि काका पानांवरचं रक्त बघत बघत दलदलीपर्यंत गेले, तर ती तिथे बसलेली, मान वर करून, जिवंत. नवऱ्याला दुसरी गोळी जवळून झाडावी लागली, ती त्याच्याकडे बघत असताना.

घरी आल्यावर त्याने मला हे जेवताना सांगितलं आणि ताट तसंच ठेवून उठला. वाट्याला आलेलं सगळं मांस त्याने काकांना देऊन टाकलं होतं. मला वाटलं, संपलं. जाकीट कपाटात गेलं.

पण त्याच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं. नवऱ्याने इंजिनिअरिंग केलं होतं धातुशास्त्रात आणि नोकरी धरली सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांचं हेच झालं. आता इतक्या वर्षांनी त्याला धातूचं काम सापडलं. शिसं किती मऊ, तांब्याचं कवच किती पातळ, कुठल्या वेगाला ते फाटतं, हे तो शिकाऱ्यांच्या वेबसाइटवर तासन्‌तास वाचायचा आणि मला भाजी चिरताना ऐकवायचा. त्याचा प्रश्न एकच होता. जनावराला कळायच्या आत ते मरेल अशी गोळी कुठली?

उत्तर त्याला मिळालं. हलकी, वेगवान गोळी, पातळ कवचाची, पुढे शिशाचं उघडं मऊ टोक. ती आत शिरताच फुटते. बाहेर पडत नाही, सगळा जोर आतच संपवते. हरीण जागच्या जागी कोसळतं. काकांना ती आवडायची नाही. ते म्हणायचे, खांद्यात लागली तर खांद्याच्या मांसाचा चिखल होतो. नवरा म्हणायचा, होऊ दे चिखल.

पण तो तपासल्याशिवाय मानणाऱ्यातला नव्हता. वर्तमानपत्रांचे गठ्ठे रात्रभर भिजवून त्यांत गोळ्या झाडून बघतात म्हणे. ओला कागद साधारण मांसासारखा वागतो. त्याने मसाल्याबरोबर आलेली माझी नागपूरची वर्तमानपत्रं मागितली. ती मी जपून ठेवली होती. तेलाचे डाग पडलेली, जुनी, तरी मी ती परत परत वाचायची, अगदी 'स्थळे पाहिजेत'पासून पाणीपुरवठा बंद असल्याच्या सूचनांपर्यंत. "अमेरिकन पेपर घे की," मी म्हटलं. "ते रिसायकलला गेले," तो म्हणाला. शेवटी मी दिली. उन्हाळ्यात काकांच्या जागेवरच्या खडीच्या खाणीत त्याने विदर्भातल्या बातम्यांवर दोन्ही गोळ्या झाडल्या आणि जे मिळालं ते किचनच्या ओट्यावर आणून मांडलं. जड गोळी फुललेल्या अळंबीसारखी दिसत होती, एकसंध. दुसरीचं नुसतं चुरगळलेलं कवच होतं आणि शिशाचा एक वाकडातिकडा तुकडा. त्याने दोन्हींचं माझ्या किचनच्या काट्यावर वजन केलं. हलकीचं अर्ध्याहून जास्त वजन गायब होतं.

"मग बाकीची गेली कुठे?" मी विचारलं.

"कागदात असेल ना, कुठे जाते," तो म्हणाला. मी काटा धुऊन ठेवला.

त्याच शरद ऋतूत मला दिवस गेले. किती वर्षांच्या औषधांनंतर, किती इंजेक्शनांनंतर, ते सांगत बसत नाही. ज्यांनी ते काढलंय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. दोन्ही घरी फोन झाले. माझ्या आईने काय खायचं नाही ते सांगितलं: पपई नाही, तीळ बेताने, उष्ण काही नाही. सासूबाईंचं धोरण वेगळं. त्यांनी फोन मुलाकडे द्यायला लावला आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "तिला जे खावंसं वाटते ते करून दे रे बाप्पा. डोहाळे मारायचे नसतात."

त्या वर्षी दिवाळी आणि शिकारीचा पहिला वीकएंड एकत्र आले. लक्ष्मीपूजन उरकून नवरा पहाटेच उत्तरेला निघाला. पाडव्याला ओवाळायला नवरा घरात नाही म्हणून मी पोटातल्या बाळाला ऐकवलं, तुझ्या बापाला सणापेक्षा हरीण प्यारं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज इतका हलका होता की मला वाटलं काहीतरी जिंकून आलाय. "खाली बसली गं जागच्या जागी," तो म्हणाला. "तिला कळलंच नाही."

मला त्याचा तो आवाज अजून ऐकू येतो. त्याला मारल्याचा आनंद नव्हता. दुखलं नाही, याचा होता.

गोळी खांद्यातच लागली होती. काकांनी सांगितलं, जखमेच्या भोवतीचं हातभर काढून फेकून दे. नवऱ्याने वीतभर काढलं. जीव घेतलाय त्याचा, तर मांस तरी वाया घालवायचं नाही, हा त्याचा हट्ट. आणि अन्न टाकू नये हे आम्हा दोघांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. जखमेच्या कडेचे तुकडे त्याने आपल्या पद्धतीने हळद-मीठ चोळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतले. हळद-मीठ लावून धुतलं की मांस शुद्ध झालं, याबद्दल आमच्यात कुणाला कधी शंका आली नाही. ते सगळं खिम्यात गेलं. खिम्याची पाकिटं करून बेसमेंटच्या फ्रीझरमध्ये रचली.

डिसेंबरात मळमळ थांबली आणि मला डोहाळे लागले ते त्या खिम्याचेच. साधा नाही, सावजी, नाकातून पाणी येईल असा. डॉक्टरीण म्हणाली होती, मांस चालेल, नीट शिजवून खा. तो नीटच शिजवायचा. रविवारी एप्रन बांधून तो मसाला परतायला लागला की धुराचा अलार्म वाजायचा, मग मी खुर्चीवर बसल्या बसल्या टॉवेल हलवायची. बाहेर बर्फ, आत आम्ही दोघे, नाही, तिघे. माझ्या आयुष्यात मी इतकी सुखी कधी नव्हते आणि ते मला तेव्हा कळत होतं.

संक्रांतीच्या आधीच्या अशाच एका रविवारी दाताखाली कचकन काहीतरी आलं. मी जिभेने पुढे आणून ताटाच्या कडेला काढून ठेवलं. लहानसं, करडं. आपल्याकडे जेवताना खडा लागला तर कुणी तो हातात घेऊन बघत बसत नाही. काढायचा, कडेला ठेवायचा आणि पुढचा घास घ्यायचा. "काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही, खडा. तुझ्या आईचा मसाला."

"झालं सुरू पुणं," तो म्हणाला आणि हसत मला आणखी वाढलं.

फेब्रुवारीत एके दिवशी दुपारपर्यंत पोटात हालचाल लागली नाही. हॉस्पिटलमध्ये त्यांनी पोटावर यंत्र फिरवलं. बाई आधी बोलत होती, मग बोलायची थांबली, मग म्हणाली, मी डॉक्टरांना बोलावते. मला तेव्हाच समजलं. नवऱ्याला समजलं नाही. तो मॉनिटरकडे बघत तिथे काय दिसतंय ते मला समजावून सांगत होता.

मुलगी होती. कुणीतरी विणून दान केलेली एक इवलीशी पिवळी टोपी त्यांनी तिला घातली होती, तीही मोठी होत होती. नवऱ्याने तिला दोन्ही तळहातांवर घेतलं. त्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. घरी आल्यावर मला दूध आलं. ते येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांना कारण सापडलं नाही. कारण न सापडणं सहन होत नाही, म्हणून ज्याने त्याने आपलं आपलं शोधून काढलं. आई फोनवर म्हणाली, "मी सांगत होते, उष्ण पडतं." तिला दुखवायचं नव्हतं, पण मी त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी बोलले नाही. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. त्या नुसत्या फोन धरून बसायच्या, आणि मीही.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा बातमी आली. शिकारी लोक गरिबांसाठी हरणाचं मांस दान करतात, त्या मांसात शिशाचे कण सापडले होते. अन्न वाटणाऱ्या संस्थांना ती पाकिटं फेकायला सांगितलं होतं. गर्भवती बायका आणि लहान मुलं यांनी काळजी घ्यावी, असंही त्यात होतं. नवरा टीव्हीसमोर उभा होता. बातमी संपून जाहिरात लागली तरी उभाच होता. मग तो बेसमेंटमध्ये गेला आणि फ्रीझर उघडल्याचा आवाज आला.

काकांच्या कॅम्पमध्ये एक जनावरांचे डॉक्टर होते. नवरा एक पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेला आणि एक्स-रे काढून आणला. किचनमधल्या मोठ्या काचेच्या दारावर त्याने ती फिल्म उजेडात धरली. करड्या ढगासारखं मांस आणि त्यात खसखस सांडावी तसे पांढरे ठिपके. एखाद-दुसरा जरा मोठा. बाळाच्या सोनोग्राफीचा फोटो फ्रिजवर अजून तसाच होता, तोही असाच करडा. कुणीच तो काढला नव्हता.

"बाकीची गेली कुठे, विचारलं होतंस ना तू," तो म्हणाला. "ही बघ."

त्याच क्षणी मला ताटाच्या कडेचा तो खडा आठवला. इतका लख्ख आठवला की जीभ दातांवर गेली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो फिल्मकडे बघत होता. त्याला आठवलं नव्हतं.

माझी रक्ततपासणी झाली. डॉक्टरीण म्हणाली, आकडा काळजीचा नाही, पण आता इतक्या महिन्यांनी त्यावरून फार काही सांगताही येणार नाही. "हेच कारण होतं असं मला म्हणता येणार नाही. बहुधा नव्हतं." नवऱ्याने त्यातला 'बहुधा' तेवढा उचलला. काका घरी आले. सोफ्याच्या अगदी कडेला बसून म्हणाले, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच मांस खाल्लं, माझ्या बायकोची चारही बाळंतपणं त्यावर झाली. "तुमची गोळी वेगळी होती," नवरा शांतपणे म्हणाला. "तुमची फुटत नाही." काका उठले. चहा तसाच ठेवून ते गेले.

त्याच्या मनात त्याने खटला चालवून निकालही दिला होता. जनावराला दुखू नये म्हणून त्याने जी गोळी निवडली, तीच फुटून आमच्या ताटात आली. मी किती वेळा म्हटलं, अरे, कणभर शिशाने असं होत नाही, डॉक्टरीण काय म्हणाली आठव. तो मान हलवायचा. पण आपण खाल्लेल्या घासात ते होतं की नव्हतं, हे त्याला नक्की माहीत नव्हतं. पाकिटात होतं म्हणजे ताटात होतंच असं नाही. तेवढी एक फट होती आणि त्या फटीतून तो श्वास घेत होता.

म्हणून माझ्यापुढे आता एकच काम होतं. तो खडा त्याला आठवू द्यायचा नाही. मी जेवताना जपून चावायला लागले. काही दाताखाली आलं तरी गिळून टाकायची. सासूबाईंच्या मसाल्याची थट्टा बंद केली. मसाल्याची नवी बरणी भरली तेव्हा त्याने विचारलं, "आजकाल काही बोलत नाहीस मसाल्याला?" मी म्हटलं, चांगला आहे की. हे बोलायला नको होतं असं लगेच वाटलं, कारण त्याच्यासमोर मी त्या मसाल्याला चांगलं कधीच म्हटलं नव्हतं.

उन्हाळ्यात तो डाळ निवडायला लागला. सुरुवातीला मला वाटलं, हाताला चाळा हवा असेल. शनिवार सकाळी स्टीलचं ताट घेऊन डायनिंग टेबलाशी बसायचा, तुरीची डाळ पसरायचा आणि एका बोटाने दाणे बाजूला सारत राहायचा. इंडियन स्टोअरची पॉलिश केलेली डाळ. मी तिच्याकडे कधी बघतही नसे, सरळ कुकरमध्ये टाकायची. डाळ झाली की तांदूळ. विचारायची भीती वाटत होती.

नोव्हेंबर आला. सीझन उघडायच्या आधी काका दारात एक खोका ठेवून गेले होते, अख्ख्या तांब्याच्या गोळ्यांचा. यात शिसं अजिबात नाही, न फुटता फुलतात, ये पुन्हा, असं त्यांनी फोनवर सांगितलं. नवऱ्याने खोका न उघडता रायफलसकट त्यांच्या घरी नेऊन दिला. सीझनच्या पहिल्या सकाळी बाहेर रस्ता ओस पडला होता, शेजारचे सगळे उत्तरेला गेले होते, आणि हा टेबलाशी डाळ घेऊन बसला होता. उन्हात ताट चमकत होतं. मला ते बघवेना.

"अरे, साफ केलेली डाळ आहे ती," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

"मग काय शोधून राहिलास?" मी मुद्दाम त्याच्या नागपुरी सुरात विचारलं, हसेल म्हणून.

तो हसला नाही. बोट दाण्यांतून फिरतच होतं. "तुला खडा लागला होता," तो म्हणाला. "संक्रांतीच्या आधी."

उत्तर मी वसंतापासून तयार ठेवलं होतं, आणि ते मी अगदी सहज, जुन्याच ठसक्यात दिलं. "लागला असेल. तुझ्या आईचा मसाला, दुसरं काय."

त्याने तेव्हा वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. मी त्याच्यासाठी इतके महिने काय करत होते, तेही त्याला कळलं होतं.

"मसाला मी दोनदा चाळला होता," तो म्हणाला.

मी मांडणीवरून दुसरं ताट काढलं, त्याच्या ताटातली अर्धी डाळ त्यात घेतली आणि त्याच्यासमोर बसले. दुपार होईपर्यंत आम्ही दोघे निवडत होतो. डाळीत काहीच नव्हतं.